आमचा सुपासारखा हॉल

मैत्रिणींनो, तुमच्या हॉलला भिंती किती? हसू नका. चारच असणार, हे मलाही ठाऊक आहे. आमच्याही चारच आहेत. पण त्यांतल्या एकीचं बाकीच्या तिघींशी पटत नाही. आमच्याकडे कधी आलात, तर दारातून समोर खिडकी दिसेल. डावीकडची भिंत अगदी सरळ. उजवीकडची मात्र दारापासून जी आत आत सरकत जाते, ती खिडकीपाशी येईपर्यंत खोलीचे ४ फूट गिळून बसते. दाराशी रुंदी ११ फूट, खिडकीशी ७. थेट सुपासारखी खोली! पाखडायला बसावं तसे आम्ही तिच्यात बसतो.

आमची इमारत कोलशेतला आहे. कोलशेत म्हणजे ठाण्याचं खाडीकडचं टोक. मूळचं आगरी-कोळ्यांचं गाव, मग रसायनांचे मोठमोठे कारखाने आले, आणि आता त्या कारखान्यांच्या जागी उंच मनोरे उभे राहिलेत. आम्ही त्या मनोऱ्यांतले नव्हे बरं का. आमची इमारत जुनी, चार मजली, बिनलिफ्टची. रस्त्याच्या वळणाला धरून बांधली, आणि ते वळण नेमकं आमच्या हॉलमधून गेलं. जागा घेतली तेव्हा एका नातेवाईकांनी दारातूनच मान हलवली होती. “पुढे रुंद, मागे अरुंद. व्याघ्रमुखी आहे.” व्याघ्रमुखी आणि गोमुखी हे शब्द जमिनीच्या तुकड्याला लावतात, खोलीला नव्हे, हे मला नंतर कळलं. त्या वेळी मात्र रात्रभर वाघाच्या तोंडात झोपल्यासारखं वाटत होतं.

खरी चूक भिंतीची नव्हतीच. ती माझी होती, आणि तीच तुम्हांला सांगायची आहे.

माझं माहेर वरळीच्या बीडीडी चाळीतलं. १६० चौरस फुटांची एक खोली आणि माणसं सात. आता त्या चाळी पाडून तिथे मोठी घरं होताहेत. पण माझ्या लहानपणी त्या खोलीत भिंतीला लागून एक लोखंडी खाट होती, आणि आमचा सगळा संसार त्या खाटेच्या वर नाहीतर खाली असायचा. खाली ट्रंका, गव्हाचा डबा, आमची दप्तरं. वर आजी. मला बघायला मंडळी आली, तेव्हाही आजी त्याच खाटेवर भिंतीकडे तोंड करून निजलेली होती, आणि पाहुणे तिच्या पायाशी बसून पोहे खात होते. लग्न त्याच मंडळींकडे ठरलं, म्हणजे त्यांना त्यात काही वावगं वाटलं नसणार. मला मात्र इतकी लाज वाटली, की मी मनाशी ठरवूनच टाकलं: माझ्या घरात हॉलमध्ये खाट असणार नाही!

चार वर्षांपूर्वी सासरे गेले आणि सासूबाई कायमच्या आमच्याकडे आल्या. त्या अलिबागकडच्या. येताना त्यांनी दोनच मोठ्या वस्तू आणल्या, तांब्याचा बंब आणि सागवानी पलंग. बंब माळ्यावर गेला. पलंगाचे चारही खूर उतरवून, फळ्या बांधून, मी तो गच्चीच्या जिन्याखाली ठेवायला लावला. “आई, सध्या राहू दे. हॉलचं काम झालं की बघू,” मी म्हटलं. त्या म्हणाल्या, “मला काय गं, मी खालीसुद्धा निजेन. सवय आहे.”

मला तेवढंच ऐकायचं होतं.

त्याच सुमारास आम्ही दोघं सहज म्हणून एका नव्या मनोऱ्यातला नमुन्याचा फ्लॅट बघून आलो. घ्यायचा नव्हताच, पण बघायला पैसे कुठे पडतात? तिथला तो इंग्रजी ‘एल’च्या आकाराचा करडा सोफा माझ्या डोळ्यांत भरला. तिथल्या आतल्या खोल्यांना दारंच नव्हती, आणि मुलानं गंमत म्हणून पलंगावर अंग टाकलं तर त्याचे पाय बाहेर आले, हे दोन्ही मी पाहिलं होतं. तरी त्यातून घ्यायचा तो बोध घेतला नाही. (तुम्ही कधी जागा घेणार असलात तर एक सांगून ठेवते. ‘रेरा’ कायद्यात कार्पेट एरिया म्हणून जो आकडा असतो, त्यात घरातल्या आतल्या भिंतींची जागाही धरलेली असते. म्हणून आकड्यावर भुलू नका. टेप घेऊन जा आणि आपलं कपाट, आपला पलंग कुठे बसतो ते मोजा.)

उल्हासनगरच्या फर्निचर बाजारातून तसाच सोफा आणला. दोन तुकडे जिन्यातून वर चढवताना हमालांनी माझा उद्धार केला असणार. आणि वर आणून कोपऱ्यात लावतोय तर काय, लागेचना! सोफ्याचा कोपरा काटकोनी, आमचा कोपरा चिंचोळा. कसाही सरकवला तरी मागे त्रिकोणी फट राहायची, कोपऱ्यात जवळजवळ दीड फुटांची. मुलाच्या आठवीच्या गणितात समलंब चौकोन होता. त्यानं वहीवर आकृती काढून मला समजावलं, “आई, हा आपला हॉल. समांतर बाजूंची बेरीज गुणिले उंची भागिले दोन. १२६ चौरस फूट.” खोलीची लांबी १४ फूट, म्हणजे गणित बरोबर होतं. पण १२६ फुटांतले किती पायांना उरले, हे त्या सूत्रात कुठे असतं?

ते मी नंतर मोजलं. खोलीच्या मध्यावर सोफ्याची खोली पावणेतीन फूट, पुढे फूटभर जागा सोडून दोन फुटांचा काचेचा टीपॉय, समोरच्या भिंतीला १६ इंचांचं टीव्हीचं कपाट. उरली वाट दोन फुटांहूनही थोडी कमी. त्याच वाटेनं स्वयंपाकघरात जायचं, त्याच वाटेनं न्हाणीघरात. आम्ही अंग चोरून जायला शिकलो. पाहुणे मात्र “हॉल काय छान केलाय!” म्हणायचे, आणि मी फुलून यायची.

सासूबाई त्या सोफ्यावर बसत नसत. “आत ओढून घेतो गं तो,” म्हणायच्या. मला वाटे, जुन्या माणसांची खोड. रात्री खिडकीखाली गादी पसरून निजायच्या, आणि सकाळी मी शाळेत जायच्या आत ती गुंडाळलेली असायची. दुपारी त्या कुठे आडव्या होतात, हे मी कधी विचारलंच नाही. माझी शाळा अर्ध्या दिवसाची. एकदा लवकर सुटली म्हणून घरी आले, तर त्या स्वयंपाकघरात ओट्याखाली, गॅसच्या टाकीशेजारी, पदर अंगावर घेऊन लवंडलेल्या. मला बघून गडबडीनं उठायला लागल्या. “हॉलमध्ये कुणी आलं तर बरं नाही दिसत,” म्हणाल्या.

माझं वाक्य त्यांनी पाठ केलं होतं.

तरीही, खोटं कशाला सांगू, मी त्या दिवशी काही केलं नाही. वाईट वाटलं, चहा करून दिला, आणि विषय संपला. २०२४ च्या श्रावणात एका रात्री वीज गेली. सासूबाई न्हाणीघराकडे निघाल्या, टीपॉयच्या कोपऱ्याला अडखळल्या आणि हातावर पडल्या. मनगटाला बारीक चीर गेली. सहा आठवडे प्लॅस्टर. डॉक्टर म्हणाले, “खुबा वाचला, नशीब समजा.” दवाखान्यातून घरी आलो, तर बसवायचं कुठे? सोफ्यावर बसवलं आणि मग मला दिसलं, की त्यांचे गुडघे कमरेच्याही वर येताहेत, आणि एका हातानं त्यांना उठताच येत नाहीये. आम्ही दोघांनी काखेत हात घालून उठवलं. त्यांना पुन्हा बसायला सांगायचं धाडस मला झालं नाही.

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून खडूचे चार तुकडे आणले.

हा भाग जरा नीट वाचा, कारण तुम्हांलाही करता येईल. आधी सामान लावू नका, आधी वाट आखा. मी सासूबाईंना म्हटलं, “आई, तुम्ही जशा रोज फिरता तशा फिरा.” त्या गळ्यात हात अडकवून खिडकीपासून न्हाणीघर, न्हाणीघरापासून स्वयंपाकघर, तिथून दार अशा चालल्या आणि मी त्यांच्या मागून खडूनं रेघा ओढत गेले. सगळी वाट सरळ भिंतीला धरून होती. ती मी ३ फूट रुंद आखली. एका माणसाला अंग न चोरता जाता येईल एवढी. त्या पट्ट्यात चपलांचा स्टँडसुद्धा नको. मग वर्तमानपत्रं चिकटवून पलंग, खुर्च्या, कपाट यांचे खऱ्या मापाचे कागद कापले आणि उरलेल्या जागेत सरकवत बसले. सोफा सरकवायला दोन माणसं लागतात. कागदाला एक बोट पुरतं.

दोन दिवस कागद हलवून माझं डोकं दुखायला लागलं. काही केल्या मधला टीपॉय बसेना. सासूबाई बघत होत्या. म्हणाल्या, “आमच्या ओटीवर मधे कधी काही नसायचं. माणसं भिंतीला टेकून बसायची. मधे पोरं खेळायची, नाहीतर भात वाळायचा.” इथे गावठाणातल्या एका जुन्या घराच्या ओटीवर त्या संध्याकाळी जाऊन बसायच्या. मी समजत होते, गप्पांसाठी जातात. आता वाटतं, टेकायला जायच्या. मी टीपॉयचा कागद उचलला आणि चुरगाळून टाकला.

सुतार आला. त्यानं कोपऱ्याला गुण्या लावला आणि हसला. “बाई, भिंत गुण्यात नाही.” म्हटलं, दादा, ते मला सांगू नका, त्यावर माझे हजारो रुपये गेलेत. पण माणूस कामाचा निघाला. त्यानं कपाट भिंतीच्या मापानं केलं नाही. कोपऱ्यात पुठ्ठा धरून, कापून, त्या कोनाचा साचाच काढला आणि त्या साच्यावरून जमिनीपासून छतापर्यंत त्रिकोणी कपाट केलं. पाहुण्यांच्या गाद्या, चादरी, माझे पेपरांचे गठ्ठे, सगळं त्यात जातं. बाहेरून बघाल तर कोपरा वाकडा आहे हे कळतसुद्धा नाही. दोन गोष्टींसाठी मी हट्ट धरला. प्लायवुड आय.एस. ७१० शिक्क्याचं, म्हणजे मरीन, कारण खाडी जवळ असल्यानं आमच्याकडे पावसाळ्यात साधा प्लाय फुगतो. आणि कपाटाच्या मागे इंचभर फट, बाहेरच्या भिंतीची ओल लाकडात उतरू नये म्हणून.

आता आसनाची उंची. बसणाऱ्याच्या गुडघ्यामागच्या खाचेपासून जमिनीपर्यंत माप घ्या. आसन तेवढं असावं, गुडघे दुखत असतील तर इंचभर जास्त. सासूबाईंचं माप १६ इंच निघालं. आमचा सोफा माणूस बसल्यावर दबून १४ वर यायचा. मग मला आठवण झाली. टेप घेऊन गच्चीच्या जिन्याखाली गेले, फळ्यांवरची धूळ पुसली आणि पलंगाचे खूर मोजले. जमिनीपासून फळीपर्यंत १५ इंच. वर कापसाची गादी, बसल्यावर दबून दोन इंच. १७!

तीन वर्षं ते उत्तर जिन्याखाली पडून होतं.

सोफा निम्म्याहूनही कमी किमतीत गेला. ह्यांनी त्यावर अवाक्षर काढलं नाही, हे मुद्दाम नोंदवून ठेवते, कारण हप्ते अजून चालू होते. तो हलवला तेव्हा मागच्या त्रिकोणात काय काय निघालं! तीन चेंडू, एक फणी, गॅसचं पुस्तक, आणि सासूबाईंचा जपाचा मण्यांचा सर. तो हरवल्याचं त्यांनी आम्हांला सांगितलंही नव्हतं.

पलंग तिरक्या भिंतीला लागून, खिडकीकडे उसं करून मांडला. तिथेसुद्धा चालायला ४ फूट राहतात. दिवसा त्यावर चादर आणि भिंतीशी दोन लोड, रात्री सासूबाईंची गादी. दाराच्या बाजूला वेताच्या दोन हलक्या खुर्च्या, ज्या लागेल तिकडे उचलून नेता येतात. टीव्ही भिंतीवर. पाट्यासारखं मिटणारं जेवणाचं टेबल भिंतीला. न्हाणीघराच्या वाटेवर घोट्याच्या उंचीवर एक बारीक दिवा, वीज गेली की बॅटरीवर लागणारा. खिडकीचे पडदे मी छतापासून जमिनीपर्यंत एकाच फिक्या रंगाचे केले, आणि तिरकी भिंतही त्याच रंगाची. उगाच तिच्यावर फुलं-पानं काढली की तिचा तिरकेपणा जास्त डोळ्यांत भरतो. पलंगाभोवती तारेवर एखादा पडदा लावू का, असंही मी विचारलं होतं. सासूबाई भडकल्याच. “मी काय इस्पितळात आहे?”

पहिल्यांदा नणंद आली तेव्हा मला जुनं भय वाटलंच. हॉलमध्ये खाट! ती आली, पलंगावर आईशेजारी मांडी घालून बसली, आणि संध्याकाळपर्यंत उठली नाही. आता माझ्या शिकवणीची मुलं पलंगासमोर जमिनीवर गोल करून बसतात, आणि कुणाचा पाढा चुकला तर मागून सासूबाई बोलतात. दुपारी त्या तिथेच आडव्या होतात. कुणी आलं तर उठून बसतात, कधी उठतही नाहीत.

गेल्या रविवारी खालच्या मजल्यावरची नवी सून वर आली. तिचाही हॉल असाच, आमच्या बरोब्बर खाली. हातात टेप, मोबाईलमध्ये सोफ्याचा फोटो. कोपऱ्याचं माप द्याल का, म्हणाली. मी उठणार तेवढ्यात सासूबाईंनी तिला हाक मारली. “टेप ठेव ती. आधी सांग, तुमच्या घरात म्हातारं कोण आहे?”