तिशीनंतरचा खेळाडू

राहुल बोस यांना आपण पडद्यावर पाहिले आहे. 'इंग्लिश, ऑगस्ट' (१९९४) व 'मिस्टर अँड मिसेस अय्यर' (२००२) हे त्यांचे गाजलेले चित्रपट. पण ते भारताकडून रग्बी खेळले, हे आपल्या तिरोडीत कितीजणांना ठाऊक असेल?

जन्म १९६७ चा, शिक्षण मुंबईत. मुष्टियुद्धाची व रग्बीची गोडी त्यांना आईने लावली. १९८७ साली आई गेली. मग जाहिरात संस्थेत नोकरी, पुढे अभिनय. खेळ मात्र सुटला नाही. १९९८ साली भारतीय संघ आशियाई स्पर्धेत पहिला आंतरराष्ट्रीय सामना खेळला, तेव्हा ते संघात होते. वय तिशीपार! तेथून सुमारे दहा वर्षे खेळून २००९ च्या हंगामापासून ते थांबले. २०२१ मध्ये ते भारतीय रग्बी महासंघाचे अध्यक्ष झाले.

विद्यार्थी मित्रांनो, या खेळाची एक गंमत सांगतो. चेंडू अंड्याच्या आकाराचा, आणि तो हाताने पुढे फेकायचा नाही. द्यायचा तो मागच्याला किंवा बाजूच्याला. पुढे न्यायचा तर स्वतः घेऊन पळा, नाहीतर लाथेने मारा. पळणाऱ्याला कमरेत धरून पाडायचे. कबड्डीत पकड करणाऱ्यांना हे काही नवे नाही.

आपल्याकडे दहावी आली की खेळ बंद. माझ्याही घरी यंदा हाच वाद आहे. मुलीला कबड्डी सोडायची नाही, आजी म्हणतात आता पुरे. आईनेच रग्बी शिकवली, हा भाग मी आजींना दोनदा वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "ती मुंबईची माणसं."

त्यांचे अगदीच चूक नाही. मुंबईत जिमखाने आहेत, इथे मँगनीजच्या खाणी आणि खडकाळ मैदान. पण भुवनेश्वरच्या कलिंग समाजविज्ञान संस्थेतील आदिवासी मुले मुंबईची नव्हती. २००७ साली त्यांनी लंडनमध्ये १४ वर्षांखालील शालेय रग्बी स्पर्धा जिंकली. आपल्या बालाघाटातली गोंड मुले धावण्यात त्यांच्यापेक्षा कमी आहेत, असे मला वाटत नाही.

विश्वस्त मंडळास विनंती, की यंदाच्या क्रीडा साहित्यात रग्बीचे दोन चेंडू घ्यावेत आणि मैदानाच्या एका बाजूचे दगड वेचून घ्यावेत. दगड वेचायला आम्ही पालक रविवारी येऊ.