बापाचा शब्द

गिरणगावात नोकरी लागायची ती कुणाच्या तरी शब्दावर. मुंबईतली पहिली कापड गिरणी कावसजी दावर यांनी १८५४ साली उभारायला घेतली. पुढे गिरण्या वाढत गेल्या आणि माणसं भरायचं काम जॉबरच्या हातात राहिलं. जॉबर आपल्या गावची, आपल्या नात्यातली माणसं आणायचा आणि ती माणसं पुढे आपल्या पोरांना आणायची. लालबाग-परळच्या चाळींत माझ्या बरोबरीच्या कितीतरी मुलांना ‘पुढे काय करणार?’ असं कुणी विचारलंच नाही. बाप साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, तर मुलगाही साचेखात्यात.

शाळा संपली आणि बाबांनी मला बदलीत, म्हणजे गैरहजर कामगाराच्या जागी काम करायला, घातलं. पण जॉबरच्या कानावर घालण्याआधी त्यांनी माझी तयारी घरीच करून घेतली. रातपाळीहून आले की चहाच्या आधी मला समोर बसवायचे आणि सुताची दोन टोकं हातात द्यायचे. टोकं चिमटीत एकमेकांवर आडवी धरायची, एक फेर घ्यायचा, टोक आत सारायचं आणि ओढायचं. गाठ अशी बारीक बसली पाहिजे की फणीतून न अडखळता गेली पाहिजे. बाबा गाठ डोळ्यांनी बघत नसत. सूत दोन बोटांमधून सरकवत. बोटाला लागली की तोडायची आणि पुन्हा बांधायची. ते बोलत काहीच नसत. मला आठवतात ती त्यांची बोटं, सुताने कापून कापून घट्ट झालेली.

एवढी मेहनत का, ते आत गेल्यावर कळलं. बदलीवाल्याने दांडी मारली, कापडात खोट राहिली, तर जॉबर पोराला नाही, बापाला बोलायचा. शब्द टाकणारा माणूस जामीन राहिलेला असायचा. पोराच्या कामात बापाचा हात होता तो असा, स्वतःची इतक्या वर्षांची पत पणाला लावून. आज आईवडिलांनी मुलांच्या नोकरीत लक्ष घालावं की नाही यावर वाद होतो, तेव्हा मला आधी हा जामीन आठवतो.

त्या शब्दाची दुसरी बाजूही मी पाहिली आहे, आणि ती झाकून ठेवायची माझी इच्छा नाही. धोट्यात नवी कांडी घातली की सुताचं टोक तोंडाने ओढून भोकातून बाहेर काढायचं. दलित कामगारांचं उष्टं सूत इतरांना चालत नसे, म्हणून कित्येक वर्षं त्यांना साचेखात्याचं दार बंद होतं, आणि पगार तर तिथेच बरा. १९२८ च्या संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला होता. बाप पोराला घेऊन आत जात होता तेव्हा दुसऱ्या कुणाचा तरी हुशार पोरगा बाहेर उभा होता. आपल्या संविधानाच्या १६व्या कलमात सरकारी नोकरीपुरता तरी वंशावरून भेदभाव करायला मज्जाव आहे. ते वाचताना मला गिरणीचा दरवाजा दिसतो.

१८ जानेवारी १९८२ ला कामगार पुढारी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. आम्ही दोघं बापलेक त्यांतलेच. गिरणीत परत जाणं झालं नाही, पुढे मी एका छापखान्यात लागलो. तिथे बाबांना कुणी ओळखत नव्हतं आणि त्यांच्या शब्दाला किंमत नव्हती. ते त्यांना फार लागलं. मग चक्र उलटं फिरलं. त्यांच्या फंडासाठी आणि ग्रॅच्युइटीसाठी मी खिडक्यांपुढे उभा राहू लागलो, त्यांच्या वतीने बोलू लागलो. एका कारकुनाने विचारलं, ‘यांना बोलता येत नाही का?’ बाबा बाकावरून उठले आणि आपला तिकीट नंबर, खातं, साच्यांचे नंबर सगळं घडाघडा सांगितलं. त्या दिवसापासून मी सोबत जायचो, कागद सांभाळायचो. बोलायचे तेच.

माझी मुलगी आता ऐरोलीला संगणकाच्या कंपनीत आहे. परदेशातल्या ग्राहकांचं काम, त्यामुळे बऱ्याचदा रात्रीची पाळी. तिच्या एका मैत्रिणीच्या वडिलांनी रजेवरून थेट मॅनेजरला फोन केला होता. मी त्यांना हसणार नाही. पोर रात्री दोनला घराबाहेर असेल तर जीव थाऱ्यावर राहत नाही, आणि ही काळजी काही उगाच नाही. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यातही रात्री साडेनऊनंतर स्त्रीला कामावर ठेवायचं तर तिची संमती लागते आणि तिच्या सुरक्षेची, ने-आणीची जबाबदारी मालकावर येते. पण त्या फोनमध्ये मला बाबांचा जामीन दिसत नाही. मुलीच्या कामातलं त्या वडिलांना काही ठाऊक नाही, काही बिघडलं तर त्यांना कुणी जाब विचारणार नाही. फोन ठेवून ते मोकळे होतात आणि मॅनेजरपुढे उभी राहते ती मुलगी.

म्हणून मी तिच्याकडून तिचं काम समजून घेत असतो. रविवारी ती लॅपटॉप उघडून दाखवते, तक्रार कुठून येते, कुणाकडे जाते, किती वेळात सोडवावी लागते. सगळं डोक्यात शिरत नाही, पण प्रश्न विचारण्यापुरतं शिरतं.

गेल्या पावसाळ्यात तिच्या पाळीतल्या सगळ्यांना सुट्टीच्या दिवशी कामावर बोलावलं आणि बदल्यात सुट्टी द्यायचं नाव नाही. ती चिडून घरी आली. ‘बाबा, तुम्ही असता तर काय केलं असतं?’ मी सांगितलं, साचेखात्यात कुणी एकटं जायचं नाही. तारखा लिहून घ्यायच्या, बोलायचं कुणी ते आधी ठरवायचं आणि सगळ्यांनी मिळून जायचं. तिने पाळीतल्या चौघींना बसवून तारखांचा तक्ता केला आणि त्या पाचजणी मॅनेजरकडे गेल्या. सहीसाठी तो तक्ता कुणापुढे ठेवायचा हे तिने मला विचारलं नाही, तिला माहीत होतं. पुढच्या महिन्यापासून बदली सुट्टी पाळीच्या यादीतच लिहून यायला लागली.