तांबं जागेवर बसत नाही

तांबं ३.९९ ग्रॅम, गंधक १.०१ ग्रॅम. माझ्या पीएचडीच्या वहीतली ही पहिली नोंद. दोन अणू तांब्याचे, एक गंधकाचा. दोन्ही मिळून पाच ग्रॅम क्यूप्रस सल्फाइड. कागदावर इतकं सोपं होतं की वर्षभरात क्रिस्टल वाढवून, मोजून, पेपर लिहून मोकळी होईन असं मी घरी सांगूनही टाकलं होतं.

तांब्याच्या तारेचे तुकडे विरल नायट्रिक आम्लात बुडवून लखलखीत केले आणि गंधकासोबत क्वार्ट्झच्या नळीत भरले. आमच्या ग्लासब्लोअर मामांनी नळी निर्वात करून ज्योतीवर तिचं तोंड बंद केलं. तयार झालेली अँप्युल मी भट्टीत ठेवली आणि उत्साहाच्या भरात थेट ७०० अंश लावून चहाला गेले. गंधक ४४५ अंशांना उकळतं. तांब्याला ते खायला वेळच मिळाला नाही, तर वाफ जाणार कुठे? परत येते तोच आतून फट् असा आवाज आला. सगळ्या पॅसेजमध्ये जळक्या गंधकाचा वास, घशात जाळ. सकाळी काचा गोळा करताना मामांनी एवढंच विचारलं, "ताई, तापमान किती झपाट्यानं चढवलंत?" मी उत्तर दिलं नाही. त्यांना ते ठाऊकच होतं.

पुढच्या वेळी ४०० अंशांवर अख्खा एक दिवस थांबले. गंधकाचा पिवळा थर दिसेनासा झाल्यावरच वर चढले, थेट ११५० पर्यंत. कारण हे संयुग ११३० च्या सुमाराला वितळतं. मग तासाला पाच अंश या चालीने उतरायचं. नऊ-दहा दिवस. त्या दिवसांत लोडशेडिंगचं वेळापत्रक मला स्वतःच्या टाइमटेबलपेक्षा जास्त पाठ होतं.

अँप्युल फोडली तेव्हा हातात आला शिशासारखा करडा, जड गोळा. हिऱ्याच्या करवतीने कापून, घासून गुळगुळीत केला. एकसंध दिसणाऱ्या त्या तुकड्यावर सूक्ष्मदर्शकाखाली मात्र इरकली लुगड्याच्या काठासारखे पट्टे. साधारण १०३ अंशांच्या वर या क्रिस्टलची रचना षट्कोनी असते; त्याखाली येताना ती मोडून कमी सममितीची होते. कोणत्या दिशेने मोडायचं हे प्रत्येक भाग आपापलं ठरवतो. दहा दिवसांची मेहनत शेवटच्या शंभर अंशांत अशी विस्कटते. यावर उपाय विचारला तेव्हा माझे मार्गदर्शक सर हसले. मला त्या वेळी राग आला होता.

तरी विजेची पहिली चाचणी करताना हात थरथरत होता. तुकड्याच्या एका टोकाला तापलेली सोल्डरिंग आयर्न आणि मल्टिमीटरची लाल वायर, दुसऱ्या थंड टोकाला काळी. मीटरवर आकडा उणे. म्हणजे गरम टोकाकडून थंड टोकाकडे धन भार पळतोय; पदार्थ पी-टाइप आहे. बाहेरून कसलीही भेसळ केलेली नसताना! जाळीतून तांब्याचे काही अणू निसटतात आणि त्यांच्या रिकाम्या जागाच विजेला वाट करून देतात.

हे 'निसटणं' किती खरं आहे ते पावसाळ्यानंतर कळलं. जूनमध्ये मोजलेला तुकडा मी साध्या बाटलीत घालून ड्रॉवरमध्ये टाकला होता. ऑक्टोबरमध्ये पुन्हा मोजला, तर रोध कितीतरी घटलेला. कोपरा अगेटच्या खलात कुटून एक्सआरडी, म्हणजे क्ष-किरण विवर्तनाचा आलेख काढला. कॅल्कोसाइटच्या, म्हणजे मूळ क्यूप्रस सल्फाइडच्या रेषांमध्ये जुर्लाइट या तांबं कमी असलेल्या सल्फाइडच्या रेषा. गंधकाच्या एका अणूमागे तांबं दोनऐवजी १.९४ च्या आसपास. "अगं, दुसरंच सॅम्पल लावलंस," सर म्हणाले. बाटली तीच होती. चार महिन्यांच्या दमट हवेत तांबं आतून पृष्ठभागाकडे सरकून ऑक्साइड होऊन बसलं होतं, आणि मागे उरलेली चीज वेगळ्याच नावाची होती.

नंतर जुने पेपर वाचले तेव्हा थोडं हायसं वाटलं. कॉपर सल्फाइड आणि कॅडमियम सल्फाइडच्या जोडीचे सौरघट १९५४ पासून माहीत होते. १९८० च्या सुमाराला त्यांची कार्यक्षमता ९ टक्क्यांच्या पुढेही गेली. पण त्यांतही तांबं जागेवर बसेना, घट मंदावत गेले आणि लोकांनी नाद सोडला. माझ्या ड्रॉवरमध्ये जे झालं तेच, मोठ्या प्रमाणावर.

माझ्या प्रबंधात त्या तुकड्याच्या रोधाचे दोन आकडे आहेत, एक जूनचा, एक ऑक्टोबरचा, आणि परीक्षकांनी मला सर्वांत जास्त छळलं ते त्यावरूनच. तुम्ही हा पदार्थ हाताळणार असाल तर एक्सआरडी आणि विजेची मोजमापं एकाच दिवशी उरका. बाटलीवर क्रिस्टल वाढवल्याची तारीख सगळेच लिहितात; मोजल्याचीही लिहा.