बीडच्या बाजारपेठेतील वरचा मजला

बीडला येणारा प्रवासी बहुधा कंकालेश्वराचे पाण्यातील मंदिर पाहतो, शहराबाहेरची खजाना विहीर पाहतो आणि अंबाजोगाईला योगेश्वरीचे किंवा परळीला वैजनाथाचे दर्शन घेऊन परततो. ही स्थळे पाहण्याजोगी आहेतच. परंतु सुभाष रोड, कारंजा, धोंडीपुरा, बशीरगंज या भागांतून पायी फिरताना दुकानांच्या पाट्यांवरून नजर जराशी वर उचलली, तर निराळे बीड दिसू लागते. कोपऱ्यावर गोल वळण घेतलेली गॅलरी, खिडक्यांवर पुढे आलेले सिमेंटचे छज्जे, उगवत्या सूर्याच्या किरणांची नक्षी असलेली लोखंडी जाळी, आणि दर्शनी कठड्यावर उठावाच्या अक्षरांत घराचे नाव व बांधकामाचे साल. हे साल बहुधा १९५० ते १९७० या दोन दशकांतले असते. खाली आडत, कापड किंवा किराण्याचे दुकान आणि वर राहते घर, अशी ही वास्तू माजलगाव, गेवराई, परळी, अंबाजोगाई अशा मोंढ्याच्या गावांतून सर्वत्र आढळते. आपल्यापैकी अनेकांचे बालपण अशाच घरात गेले आहे. म्हणूनच कदाचित ती पाहण्याची वस्तू आहे असे आपल्याला कधी वाटले नाही.

या घरांचे नवेपण समजून घ्यायचे, तर त्यांच्या आधीचे घर आठवले पाहिजे. मराठवाड्यातील जुना वाडा खणांच्या हिशेबाने बांधला जाई. जाड दगडमातीच्या भिंती, सागवानी खांब व तुळया, तुळयांवर किलचण आणि त्यावर पांढऱ्या मातीचे थर देऊन केलेले माळवद. दरवाजातून आत आले की ढाळज; तेथे पाहुणे, कुळे आणि दलाल बसत. धान्यासाठी भिंतींच्या पोटात बळद आणि जमिनीखाली पेव. रस्त्याच्या बाजूला खिडक्या जवळजवळ नसतच. माजघरात उजेड यायचा तो माळवदाला ठेवलेल्या झरोक्यातून.

या बंदिस्त रचनेत शहाणपण होते. मे महिन्यात पारा चाळीस अंशांच्या वर जातो, तेव्हा जाड भिंती आणि मातीचे छत घर थंड ठेवीत. पण तिच्यात भीतीही होती. ज्याच्या घरात धान्य, कापसाचा पैसा आणि दागिने आहेत, त्याने रस्त्याकडे पाठ फिरवूनच राहावे, असा तो काळ होता. निजामी राजवटीच्या अखेरच्या वर्षांत, रझाकारांच्या दहशतीने, मराठवाड्यातील अनेक कुटुंबांनी सीमा ओलांडून नगर आणि सोलापूर जिल्ह्यांत आसरा घेतला होता. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. जे व्यापारी परतले आणि जे राहिले, त्यांनी पुढील काही वर्षांत जेव्हा घरे बांधली, तेव्हा ती रस्त्याकडे तोंड करून बांधली. रस्त्यावर उघडणारी मोठी खिडकी आणि बसता येईल अशी गॅलरी यांत मला त्या काळाची निर्भयता दिसते. इतिहासाच्या पुस्तकात ती एका वाक्यात येते. बाजारपेठेत ती सलग भिंतीवर वाचता येते.

मन बदलले तसे सामानही बदलले. शहाबाद हे गाव आज कर्नाटकात, कलबुर्गी जिल्ह्यात आहे. त्या काळी ते आणि बीड एकाच संस्थानात होते. तेथील चुनखडीच्या दगडाची फरशी आपल्या ओळखीची आहेच. त्याच परिसरात सिमेंटचा कारखानाही उभा राहिला आणि पुढे १९३६ साली स्थापन झालेल्या ए.सी.सी. या कंपनीचा भाग झाला. म्हणजे एकाच भूमीतला दगड आपल्याकडे पायाखाली फरशी होऊन आला आणि डोक्यावर स्लॅब होऊन. संस्थानाच्या सीमेवरचे करोडगिरीचे नाके गेल्यावर मुंबईचा माल येणेही सोपे झाले. रंगीत काच, विजेची बटणे, लोखंडी गर्डर आणि मोझाइकच्या फरश्या. मुंबईत भारत फ्लोअरिंग टाइल्स ही स्वदेशी कंपनी १९२२ पासून सिमेंटच्या नक्षीदार फरश्या घडवीत होती. मरीन ड्राइव्हवरील ज्या गोलाकार गॅलऱ्यांच्या इमारतींना २०१८ साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यांचेच धाकटे भावंड आपल्या मोंढ्याजवळ उभे आहे. खरेदीसाठी मुंबईला जाणारा व्यापारी मालाबरोबर घराची कल्पनाही घेऊन येत असे.

या घरांचा साधेपणा मात्र केवळ आवडीतून आलेला नाही. स्वातंत्र्योत्तर काळात, मधला थोडा अवधी सोडला तर, सिमेंटवर सरकारी नियंत्रण होते. ते १९८२ साली अंशतः आणि १९८९ साली पूर्णपणे उठले. परमिटावर मिळणाऱ्या मोजक्या गोण्यांत घर पूर्ण करायचे, तर शोभेसाठी सिमेंट उधळता येत नसे. म्हणून पुष्कळ ठिकाणी अर्धे छत गर्डर आणि शहाबादी फरशीचे, तर अर्धे स्लॅबचे असते. छज्जा असतो तो उन्हापुरता, जाळी असते ती वाऱ्यापुरती. काटकसर आणि सौंदर्य येथे वेगळे काढता येत नाहीत. वहीखात्यात खाडाखोड नसावी, तशी ही दर्शनी बाजू स्वच्छ वाटते.

सर्वांत मोठा बदल झाला तो स्वयंपाकघरात. वाड्याच्या आतल्या अंधाऱ्या, धुराने काळवंडलेल्या खोलीतून चूल वरच्या मजल्यावरील खिडकीजवळ आली. पुढे उभे राहून काम करण्याचा ओटा आला. ज्या घरांत सूर्यास्तापूर्वी जेवणे उरकली जातात, तेथे संध्याकाळचा शेवटचा उजेड ताटापर्यंत पोहोचणे ही चैन नव्हती, ती आचाराची गरज होती. दिवसाचा अर्धा वेळ माजघरात काढणाऱ्या सुना आता गॅलरीत उभ्या राहून बाजार पाहू लागल्या. घरातील वडीलधाऱ्यांनी हे सहज स्वीकारले असेलच असे नाही. पण खिडकी एकदा भिंतीत बसली की तिचे म्हणणे रोज ऐकावे लागते.

याच काळातील घरांना पाश्चात्त्य जगात 'मिड-सेंच्युरी मॉडर्न' असे म्हणतात. हे नाव १९८४ साली एका अमेरिकन पुस्तकामुळे रूढ झाले. ती घरे बांधली जात असताना ते कोणाच्या ओठी नव्हते. मोकळी दालने, बाहेरचा उजेड व झाडे आत घेणारी रचना, अनावश्यक नक्षीचा त्याग आणि सामान जसे आहे तसे दिसू देणे, ही त्यांची लक्षणे. भारतात या विचाराला सर्वांत आधी दारे उघडणाऱ्यांत अहमदाबादची जैन व्यापारी घराणी होती, ही आपल्यासाठी विशेष गोष्ट. फ्रेंच वास्तुकार ल कॉर्बुझिए यांनी मनोरमा साराभाई यांच्यासाठी १९५० च्या दशकाच्या पूर्वार्धात शाहीबागेत घर बांधले. विटांच्या कमानदार छतांची समांतर दालने, वाऱ्याच्या दिशेने उघडलेली, आणि छतावर माती घालून केलेली बाग. सुरोत्तम हठीसिंग यांच्यासाठी रेखाटलेले दुसरे घर पुढे शोधन कुटुंबाकडे गेले आणि १९५६ साली पूर्ण झाले. ज्या हठीसिंग घराण्याने १८४८ साली अहमदाबादचे प्रसिद्ध जिनमंदिर संगमरवराच्या अपार कोरीव कामाने सजवले, त्याच घराण्यातील पुरुषाने शतकानंतर उघड्या काँक्रीटच्या घराची इच्छा धरावी, यात मला विसंगती वाटत नाही. देवासाठी वैभव आणि स्वतःसाठी साधेपणा, असा त्याचा अर्थ लावता येतो.

त्या कामांवर देखरेख करणारे बाळकृष्ण दोशी हे मूळ पुण्याचे. फर्निचरचा व्यवसाय असलेल्या कुटुंबात १९२७ साली त्यांचा जन्म झाला. २०१८ साली प्रिट्झकर पुरस्कार मिळवणारे ते पहिले भारतीय वास्तुकार ठरले. बीडच्या गवंड्यांनी त्यांचे नकाशे पाहिले असतील असे मी म्हणणार नाही. परंतु अहमदाबाद आणि बीड यांच्यापुढचा प्रश्न एकच होता: कडक ऊन, थोडा वारा, एकत्र कुटुंब आणि नव्या सामानाचे घर. खोल छज्जे, जाळीतून येणारा वारा आणि वापरात असलेली गच्ची ही दोन्हीकडची उत्तरे म्हणूनच जुळतात.

या घरांचे दोषही सांगितले पाहिजेत. उन्हाळ्यात तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडतो. माळवदाखाली ती तक्रार नव्हती. म्हणून मे महिन्यात अंथरुणे गच्चीवर जात. तरीही ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपाने लोकांचा कौल स्लॅबच्या बाजूने कायमचा लावला. शेजारच्या लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत दगडमातीच्या भिंती आणि जड माळवदे कोसळून हजारो माणसे दगावली. त्यानंतर आपल्या भागातही माळवदाच्या घराकडे लोक धास्तीने पाहू लागले.

आता वेळ आली आहे ती स्लॅबच्या पहिल्या पिढीवर. साठ-सत्तर वर्षांत सळया गंजल्या, पोपडे सुटले. भावाभावांत वाटण्या झाल्या. आणि एका पेढीच्या जागी आठ गाळे निघतात, हा हिशेब सर्वांना पाठ झाला. १७ सप्टेंबर २०२५ रोजी बीडहून अहिल्यानगरकडे रेल्वे धावू लागली. तिची वाट जिल्ह्याने कित्येक दशके पाहिली. तिच्यामुळे बाजारातील जागेचा भाव वाढणार आणि जुनी घरे अधिक वेगाने उतरणार हेही उघड आहे. कायद्याचा आधार येथे अपुरा आहे: केंद्राच्या १९५८ च्या कायद्यानुसार संरक्षित स्मारक ठरण्यासाठी वास्तू किमान शंभर वर्षांची असावी लागते. ही घरे राहतील की जातील, हे त्यांचे मालकच ठरवणार. म्हणजे आपणच.

प्रत्येक घर ठेवता येणार नाही, आणि धोकादायक घर तर ठेवूही नये. पण पाडण्याचा करार करण्यापूर्वी काही गोष्टी प्रत्येक कुटुंब करू शकते. बांधकाम तपासणाऱ्या अभियंत्याकडून घर दुरुस्त होण्याजोगे आहे का, हे लेखी घ्यावे. अनेकदा तळमजल्यावर गाळे काढूनही दर्शनी बाजू आणि गॅलरी राखता येते. घर उतरवायचेच असेल तर आधी मोजमाप घेऊन नकाशा करावा, खोलीखोलीची छायाचित्रे काढावीत, मोझाइक, जाळ्या आणि सागवानी दारे नव्या घरात पुन्हा बसवावीत. नावाची आणि सालाची ती सिमेंटची पाटी अखंड उतरवता येते. गवंड्याचे ते अर्ध्या दिवसाचे काम आहे. आणि दिवाळीच्या लक्ष्मीपूजनाला सारे भाऊ एकत्र येतील तेव्हा घरातील ज्येष्ठांना एवढे तरी विचारून वहीत लिहून ठेवावे: हे घर कोणी बांधले, सिमेंट कोठून मिळाले, आणि रस्त्याकडे पहिली खिडकी उघडायचे कोणाच्या मनात आले.