पडवीतली तांबी

कोकणातील जुन्या घरात कुत्र्याच्या वावराची हद्द बहुधा पडवीपाशी संपते. खळे, अंगण आणि परसातली वाट त्याची असते, ओटीवर चढलेले खपवून घेतले जात नाही, आणि माजघराचा तर विषयच निघत नाही. या व्यवस्थेत दुष्टपणा नसतो. राखणीच्या कुत्र्याला दोन वेळचा आमटीभात मिळतो, पितृपक्षात त्याचे पान आठवणीने बाजूला काढले जाते, आणि रात्री त्याचे भुंकणे ऐकून घरातली माणसे निश्चिंतपणे कूस बदलतात. परंतु दुभत्या म्हशीचे दुखणेखुपणे जसे घरातील एका माणसाने पाहायचे असते, कलमांवरच्या तुडतुड्यांची फवारणी जशी एकाच्याच अंगावर असते, तसे कुत्र्याचे दुखणे कोणाच्याही वाटणीला आलेले नसते. तो साऱ्या घराचा असतो, आणि नेमका त्यामुळेच आजारपणात कोणाचाच राहत नाही. दापोली तालुक्यातील एका बागायतदाराच्या घरी म्हातारपणापर्यंत नांदलेल्या तांबी नावाच्या कुत्रीचे आयुष्य या दृष्टीने पाहण्याजोगे आहे, कारण तिचे एकेक दुखणे हळूहळू घरातील कोणाच्या ना कोणाच्या नावावर चढत गेले.

तांबी जातिवंत नव्हती. तांबूस अंग, उभे कान आणि पाठीवर वळलेले शेपूट असलेली ती वाडीतलीच गावठी पिल्ली होती, आणि घरात आली तेव्हा तिचे पोट टम्म फुगलेले होते, ज्याला थोरल्या मंडळींनी बाळसे मानले. ते जंत होते. कुत्रीच्या शरीरात दडून राहिलेल्या गोल कृमींच्या अळ्या गर्भातच पिल्लांमध्ये शिरतात आणि अंकुशकृमी, म्हणजे आतड्याला आकड्यासारखे दात रोवून रक्त पिणारे जंत, आईच्या दुधातून येतात. म्हणून पिल्लू कितीही स्वच्छ जागी वाढले तरी दुसऱ्या आठवड्यापासून दर पंधरवड्याला आणि पुढे काही महिन्यांच्या अंतराने त्याला जंताचे औषध द्यावे लागते. घरातील थोरल्या सूनबाईंनी हे काम आपल्याकडे घेतले ते प्राणिप्रेमापोटी नव्हे. या कृमींची अंडी विष्ठेतून मातीत मिसळतात व त्या मातीत खेळणाऱ्या मुलांच्या पोटात जाऊ शकतात, हे त्यांना कळले होते, आणि त्यांचा मुलगा दिवसभर त्याच अंगणात लोळत असे.

तांबीचा सख्खा भाऊ शेजारच्या घरी होता. तो ‘पार्वो’ने गेला. पार्वो हा आतड्याचे अस्तर सोलून काढणारा विषाणू असून 1978 च्या सुमारास तो जगभरच्या कुत्र्यांमध्ये प्रथम ओळखला गेला. उलट्या आणि रक्ताची दुर्गंधीयुक्त हगवण यांनी कोवळे पिल्लू दोन-तीन दिवसांत कोरडे पडते, आणि साबणाच्या पाण्याने अंगण धुतले तरी विषाणू मातीत महिनोन्महिने तग धरतो. या रोगाची लस एकदाच टोचून भागत नाही, याचे कारण असे की आईच्या चिकातून मिळालेले प्रतिकारघटक पिल्लाला वाचवतात तसेच लसीलाही निष्प्रभ करतात, आणि ते नेमके कोणत्या आठवड्यात ओसरतील हे प्रत्येक पिल्लात वेगळे असल्यामुळे सहाव्या ते आठव्या आठवड्यापासून सोळाव्यापर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी मात्रा द्यावी लागते. तांबीचे लसीकरणाचे कार्ड त्यानंतर रेशनकार्डाच्या खणात जाऊन बसले. कोकणच्या पावसात महत्त्वाची ठरणारी लेप्टोची लसही, म्हणजे उंदीर-घुशींच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून मूत्रपिंडावर व यकृतावर उतरणाऱ्या जिवाणूविरुद्धची, त्यावर नोंदलेली होती.

तथापि तांबीला जो आजार खरोखर मरणाच्या दारी घेऊन गेला तो अत्यंत किरकोळ समजल्या जाणाऱ्या जीवातून आला. गोचीड ही गुराढोरांच्या घरी कोणाला नवलाची नसते. कानाच्या पाळीत, बोटांच्या बेचक्यांत, मानेखाली ती एरंडाच्या बीसारखी टरारून बसलेली सर्वांना दिसते, आणि दिसते म्हणूनच तिचे भय वाटत नाही. कुत्र्यावरची तपकिरी गोचीड अळी, अर्भक आणि प्रौढ अशा तीनही अवस्थांत रक्त पिते, मात्र प्रत्येक वेळी पोट भरल्यावर अंगावरून उतरते, कात टाकते आणि पुन्हा चढते. मादी तर शेवटचे रक्त पिऊन कुठल्या तरी फटीत दोन-चार हजार अंडी घालून मरते. तिचा कल वर चढण्याकडे असतो. जांभ्या चिऱ्याच्या गिलावा नसलेल्या भिंतीत, जिथे दगडच मुळी सच्छिद्र आणि सांधे मातीचे, तिथे अशा अंड्यांना किती जागा मिळत असेल याची कल्पना करता येते. कुत्र्याच्या अंगावर दिसणाऱ्या गोचिड्या म्हणजे घरातल्या एकूण गोचिड्यांचा लहानसा भाग. बाकीच्या भिंतीत असतात, आणि कुत्रा वारंवार धुऊनही त्या हटत नाहीत, ही तक्रार त्यातून येते.

एका उन्हाळ्यात तांबीने दोन दिवस अन्नाला तोंड लावले नाही. ती माडाच्या आळ्यात ओल्या मातीवर पोट टेकून पडून राही, हाक मारली की शेपूट हलवी पण उठत नसे, आणि उकाड्याने कुत्री सुस्तावली असा सर्वांचा समज झाला. तिसऱ्या दिवशी तिच्या एका नाकपुडीतून रक्ताची बारीक धार आली. तालुक्याच्या दवाखान्यातील डॉक्टरांनी ओठ उचलून हिरड्या पाहिल्या, ज्या गुलाबी असायला हव्यात त्या पांढुरक्या होत्या. पोटाच्या विरळ केसांखाली टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके होते. आणि ताप 105 अंश फॅरनहाइट भरला, कुत्र्याचे स्वाभाविक तापमान 101 ते 102.5 अंश असते. गोचिडीच्या लाळेतून शिरणारा एर्लिकिया नावाचा जिवाणू पांढऱ्या पेशींत घर करतो आणि रक्त गोठवणाऱ्या बिंबिका, ज्यांना बोलीत सर्वजण प्लेटलेट म्हणतात, झपाट्याने घटवतो. निरोगी कुत्र्यात त्या दर मायक्रोलिटरला दोन ते पाच लाख असतात. तांबीच्या कागदावर वीस हजारांच्या आसपासचा आकडा होता. हा रोग 1935 मध्ये अल्जीरियात प्रथम नोंदला गेला आणि व्हिएतनाम युद्धात अमेरिकी लष्कराचे शेकडो कुत्रे त्याने मेले. पडवीतल्या कुत्रीचे आणि लष्करी श्वानाचे मरण एकाच फटीतून येऊ शकते.

उपचार तसा साधा आहे. डॉक्सिसायक्लिन हे स्वस्त औषध पोटात काही अन्न असताना चार आठवडे द्यायचे, एवढाच त्याचा गाभा. अडचण अशी की कुत्रा तीन-चार दिवसांत उठून भुंकू लागतो आणि गोळ्या फळीवर राहून जातात. तांबीच्या गोळ्या राहिल्या नाहीत, कारण तोवर हे काम आजोबांनी स्वीकारले होते आणि त्यांच्या स्वतःच्या रक्तदाबाच्या गोळीशी त्यांनी तिच्या गोळीची वेळ जोडून टाकली होती. भाकरीच्या तुकड्यात लपवलेली गोळी ती सफाईने बाजूला काढून ठेवी. सुक्या बांगड्याच्या तुकड्यात मात्र ती तिला कधीच सापडली नाही.

गोचिडींवरच्या गावठी इलाजांबद्दल येथे स्पष्ट लिहिणे भाग आहे. रॉकेल चोळणे, उदबत्तीचा चटका देणे यांनी गोचीड सुटतेच असे नाही, उलट ती जखमेत अधिक लाळ ओकते. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढणे हीच रीत योग्य. त्याहून घातक प्रकार आंब्याच्या फवारणीतून उरलेले कीटकनाशक कुत्र्याला चोपडण्याचा आहे. ते कातडीतून आणि अंग चाटताना पोटातून भिनते, तोंडाला फेस येतो, स्नायू थरथरतात, श्वास अडकतो. बागायती गावांत अशा प्रकाराने किती कुत्री गेली असतील याची कोठे नोंद होत नाही, कारण घरच्यांच्या लेखी ती ‘काहीतरी खाऊन’ मेलेली असतात. मानेवर टाकायचे थेंब किंवा पोटात द्यायची गोळी वजनानुसार डॉक्टरांकडून घेणे आणि त्याच आठवड्यात भिंतींच्या फटी चुन्या-सिमेंटने बुजवणे, या दोन्ही गोष्टी एकत्र केल्या तरच उपयोग होतो. या घरात फटी बुजवण्याचे काम मुलाकडे आले आणि त्याने दोन वर्षे कुरकुर करत ते केले.

भाद्रपदात कुत्री माजावर येते, आणि वाडीतले सगळे कुत्रे कुंपणाबाहेर जमतात. पहिल्या वेताची तांबीची पिल्ले, सुमारे 63 दिवसांच्या गर्भानंतर जन्मलेली, कशीबशी घरोघर दिली गेली. जी खपत नाहीत ती पोत्यात घालून मासळीबाजाराजवळ सोडून येण्याची जी प्रथा आहे, ती 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा ठरते, हे ती पाळणाऱ्यांना बहुधा ठाऊक नसते आणि असले तरी बोचत नाही. पुढच्या माजानंतर तांबीच्या मागच्या अंगाने रक्त ठिबकू लागले. माज लांबला असे समजून महिना गेला. निघाली ती फुलकोबीसारखी गाठ. हा कर्करोग विलक्षण आहे: त्यात विषाणू वगैरे काही नसतो, तर रोगट पेशीच समागमातून एका कुत्र्याच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर जाऊन रुजतात, म्हणजे हजारो वर्षांपूर्वी कुठल्याशा एका कुत्र्यात उपजलेली गाठ तिच्या पेशींच्या रूपाने आजही गावोगाव जिवंत आहे. त्यावर आठवड्यातून एकदा शिरेतून द्यायचे व्हिंक्रिस्टीन हे औषध बहुतेक वेळा गुण देते, आणि ते निघते सदाफुलीपासून.

सदाफुली त्या घराच्या तुळशीवृंदावनाशेजारीच फुललेली होती. आजोबांनी साहजिकच विचारले, “डॉक्टर, मग पाल्याचा रस काढून पाजला तर? उगाच दर आठवड्याला गाडीभाडं कशाला?” डॉक्टरांनी त्यांना समजावले की पाल्यात औषध अत्यल्प आणि इतर विषारी द्रव्ये भरपूर असतात, शिवाय शुद्ध औषधही शिरेबाहेर सांडले तर मांस कुजते. “आजोबा, फूल देवाला वाहा, हिला माझ्याकडे आणा,” असे ते म्हणाल्याचे घरात पुढे अनेकदा सांगितले जाई. गाठ विरघळल्यावर तांबीचे गर्भाशय व बीजांडे काढण्याची शस्त्रक्रिया झाली. तिचा लाभ केवळ पिल्ले टळण्यापुरता नसतो. माजानंतर महिन्या-दोन महिन्यांनी उतारवयातल्या कुत्रीच्या गर्भाशयात पू साठण्याचा जो जीवघेणा विकार होतो, ज्यात ती अचानक अतोनात पाणी पिऊ लागते, तोही टळतो.

तांबी चावली ती एकदाच, गणपतीला मुंबईहून आलेल्या पाहुण्यांच्या मुलाला, तिचे जेवण चालू असताना त्याने शेपूट ओढले म्हणून. जखमेवर तिखट दाबण्यासाठी वाटी आणली गेली होती. सूनबाईंनी ती बाजूला सारून पोटरी वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुतली आणि मुलाला लसीसाठी ग्रामीण रुग्णालयात नेले. तांबीची रेबीजची वार्षिक लस चुकलेली नव्हती, तरीही तिला दहा दिवस बांधून नजरेखाली ठेवण्यात आले, कारण कुत्र्याच्या लाळेतून विषाणू जात असेल तर तो कुत्रा त्या मुदतीत आजारी पडून मरतो आणि जगला तर चाव्याच्या वेळी लाळ निर्धोक होती असे समजता येते. रेबीजची लक्षणे माणसात एकदा दिसू लागली की जवळजवळ काहीच करता येत नाही. त्यामुळे कुत्रा घरचा आहे, लस घेतलेला आहे, या भरवशावर दवाखाना टाळणे हा शहाणपणा नव्हे.

बिबट्याचा वावर वाढल्यापासून तिला रात्री अंगणात मोकळे सोडणे थांबले आणि पडवीला जाळीचे दार आले. म्हातारपणी ती मागचे पाय ओढू लागली तेव्हा घरातल्या डब्यातली माणसांची वेदनाशामक गोळी देण्याचा मोह झाला होता, पण अशा गोळ्यांनी कुत्र्याच्या जठरात व्रण पडतात आणि मूत्रपिंडे निकामी होतात, हे नातवाने, जो तोवर कॉलेजात होता, वेळीच सांगितले. तिची मूत्रपिंडे अखेरीस वयानेच थकली. तोंडाला वास, सारखी तहान, झडत जाणारे वजन. डॉक्टरांनी शांतपणे झोपवण्याचा पर्याय सुचवला, आजोबांना तो मानवला नाही, सूनबाईंना मानवत होता, आणि या वादाचा निकाल लागण्यापूर्वीच मार्गशीर्षात तांबी गेली.

नवे पिल्लू लगेच आणू नये, यावर मात्र घरात एकमत झाले. रक्त न मिळताही प्रौढ तपकिरी गोचीड वर्षभर फटीत जिवंत राहू शकते, म्हणून मुलाने पावसाळ्यापूर्वी पडवीची भिंत पुन्हा पहिल्या थरापासून तपासली आणि या खेपेस आढ्यालगतचे सांधेही सोडले नाहीत.