झाकणाच्या आतल्या बाजूला

माझ्या कॉम्प्युटरच्या कॅबिनेटचं डाव्या बाजूचं झाकण काढलं, की आत निळ्या ऑइल पेंटने लिहिलेल्या ओळी दिसतात. अक्षर बाबांचं. गणिताच्या मास्तरांचं असतं तसं, आकडे सुटे, स्वल्पविराम जागच्या जागी. पहिली ओळ : ‘दिवाळी १९९९. सेलेरॉन ४६६, ६४ एमबी, ८.४ जीबी. रु. ३६,२००.’ त्याखाली दर दोन-चार वर्षांनी एकेक ओळ. कागदाची बिलं हरवतात, शाई उडते, म्हणून घराच्या फाटकावर नंबर टाकायला आणलेला रंग आणि बारीक ब्रश घेऊन त्यांनी सरळ पत्र्यावरच लिहायला घेतलं.

तेव्हा मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि आम्ही चिपळूणला राहत होतो. कॉलेजच्या लॅबमध्ये एका यंत्रावर तिघी, तेही आठवड्यातून दोन तास. घरी कानेटकरांचं सी भाषेचं पुस्तक ‘लेट अस सी’ उघडून वहीत प्रोग्राम लिहायचा आणि तो चालतो की नाही हे कळायला पुढच्या मंगळवारपर्यंत थांबायचं. बाबांनी प्रॉव्हिडंट फंडातून उचल घेतली. कंपनीचा तयार कॉम्प्युटर त्या रकमेत बसत नव्हता. मुंबईत गिरगावातले मामा म्हणाले, ‘भावोजी, लॅमिंग्टन रोडवर असेंबल करून घेऊ.’

ग्रँट रोड स्टेशनातून पूर्वेला उतरून चालत गेलं की तो रस्ता लागतो. पाटीवर नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, तोंडात मात्र लॅमिंग्टन रोड. दुकानं इतकी अरुंद, की गिऱ्हाईक फुटपाथवर उभं राहून बोलायचं. काउंटरवर त्या दिवसाच्या भावाचा झेरॉक्स कागद, त्यावर पेनाने केलेल्या दुरुस्त्या. मला १२८ एमबी रॅम हवी होती. दुकानदार म्हणाला, ‘मास्तर, तैवानला भूकंप झालाय. रॅम चढलीय, ६४ वर भागवा.’ बाबांना ती सबब वाटली. पण ती खरी होती. २१ सप्टेंबर १९९९ला तैवानात मोठा भूकंप झाला होता, सिंचूचे चिपचे कारखाने वीज गेल्याने बंद पडले होते, आणि जगभर मेमरीचे भाव वर गेले होते. परतीच्या गाडीत मदरबोर्डचा खोका मांडीवर घेऊन बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘जमीन तिकडे हलली आणि हिशोब आपला हलला.’

त्या कॅबिनेटच्या पुढच्या बाजूला एक लाल दिवा होता. हार्ड डिस्क काम करू लागली की तो लुकलुकायचा. निळ्या पडद्याच्या टर्बो सीमध्ये तो जवळजवळ पेटतच नसे. पण मी जावा शिकायला लागले आणि तो विझेना. एक लहानसा प्रोग्राम कंपाइल करायला घातला की दिवा स्थिर लाल, आतून कुरकुर, आणि माउस हलवला तरी पडद्यावरचा बाण जागचा हलत नाही. बाबा मागे खुर्ची घेऊन बसायचे. त्यांनी विचारलं, ‘हा कशाची वाट बघतोय?’

प्रश्न साधा होता, आणि मला उत्तर येत नव्हतं. पुस्तकात शोधून सांगितलं, की रॅम भरली म्हणून तो उरलेलं सामान डिस्कवर नेऊन ठेवतोय आणि लागेल तसं परत आणतोय. बाबांनी लगेच कागद ओढला. रॅममधून एक वस्तू काढायला साधारण शंभर नॅनोसेकंद, डिस्कची सुई जागेवर जाऊन तबकडी फिरून यायला पंधरा मिलिसेकंद. दीड लाख पट. ‘म्हणजे रॅमचा एक सेकंद धरला,’ ते म्हणाले, ‘तर डिस्कला पावणेदोन दिवस.’ त्या दिवसापासून यंत्राचा वेग मला मेगाहर्ट्झमध्ये दिसेनासा झाला. यंत्र कुठे खोळंबतं ते पाहायची सवय लागली. झाकणावरची दुसरी ओळ त्या हिशोबाची आहे : ‘एप्रिल २००१. अधिक १२८ एमबी.’ प्रोसेसर तोच राहिला आणि दिवा विझला.

नोकरीसाठी २००३मध्ये पुण्याला आले तेव्हा कॅबिनेट एसटीच्या टपावर न टाकता शेजारच्या सीटचं तिकीट काढून आणलं. पुढची ओळ दुःखाची आहे. कॅबिनेटबरोबर जो एसएमपीएस, म्हणजे पॉवर सप्लाय, फुकट येतो, तो कोणी निवडत नाही. मीही निवडला नव्हता. स्टिकरवर वॉट भरपूर लिहिलेले, हातात घेतला तर पोकळ डब्यासारखा हलका. भारनियमनाच्या दिवसांत वीज जायची-यायची, आणि एका संध्याकाळी वीज आली ती त्याला जाळून आणि हार्ड डिस्क घेऊन गेली. वर्षभर रात्री जागून लिहिलेला, मराठी शब्दांची मुळं शोधणारा प्रोग्राम त्यात होता. दुसरी प्रत नव्हती. पुन्हा लिहायला बसले, पण पहिल्यासारखा तो झाला नाही. तेव्हापासून यंत्र जमवताना मी पॉवर सप्लाय पहिला ठरवते, चांगला घेते, आणि हातात तोलून पाहते. जड असला म्हणजे चांगलाच असं नाही. हलका मात्र मी घेत नाही.

२००८ची ओळ रॅमची आहे. मोठा सी++ प्रकल्प कंपाइल होताना मधेच कंपायलरच कोसळायचा, दर वेळी वेगळ्या फायलीवर. तीन दिवस मी स्वतःचा कोड चाळत बसले. शेवटी रात्रभर मेमरी तपासायचा प्रोग्राम लावला, तर सकाळी पडद्यावर लाल ओळींची रांग. रॅमची एक पट्टी बिघडलेली. पुढे २०२२च्या ऑक्टोबरात लिनक्सचे कर्ते लिनस टॉरवल्ड्स यांच्या बाबतीत हेच घडलं. लिनक्सच्या नव्या आवृत्तीचे बदल एकत्र करण्याच्या ऐन दिवसांत त्यांच्या यंत्रावर कंपायलर वाटेल तिथे पडू लागला. आधी त्यांना कर्नलमधल्याच एखाद्या नव्या चुकीचा संशय आला. निघाली ती अडीच वर्षं नीट चाललेली आणि मग बिघडलेली रॅमची पट्टी. ही गोष्ट मी टीममध्ये येणाऱ्या प्रत्येक नव्या मुलीला सांगते. प्रोग्रामर माणूस सगळा दोष आधी स्वतःच्या ओळीत शोधतो, ते बरंच आहे. पण पायाखालची फरशी एकदा ठोकून पाहावी. नवी रॅम बसवली की पहिली रात्र तपासणीची, हा माझा नेम आहे.

२०११च्या नोव्हेंबरात मला मोठी हार्ड डिस्क घ्यायची होती. थायलंडात पूर आला, डिस्कचे कारखाने पाण्याखाली गेले आणि महिन्याभरात भाव दुपटीच्या घरात पोचले. मी फोनवर सांगितलं तेव्हा बाबा एवढंच म्हणाले, ‘या वेळी पाणी.’ त्या पैशांत लहानशी ६४ जीबीची एसएसडी येत होती. नाइलाजाने ती घेतली, जुनी डिस्क साठवणीला ठेवली, आणि कामाचा कोड एसएसडीवर हलवला. दुसऱ्या दिवशी मी खुर्चीत बसून राहिले. कंपाइल करणं म्हणजे हजारो लहान-लहान फायली उघडणं. फिरती डिस्क सेकंदाला जेमतेम शंभर ठिकाणी पोचते, एसएसडी हजारो ठिकाणी. चहा करून यावा इतका वेळ घेणारं बिल्ड पाणी पिऊन होईस्तोवर संपलं. प्रोसेसर तोच, रॅम तीच. गेल्या पंचवीस वर्षांत माझ्या हाताला सगळ्यात मोठा फरक जाणवला तो याच एका बदलाने.

पुढे ऑफिसने लॅपटॉप दिला. २०१६मध्ये मी तो डेस्कटॉप चिपळूणला बाबांकडे पाठवला. ते त्यावर गावातल्या जुन्या शाळांच्या आठवणी टाइप करत.

२२ जुलै २०२१ला वाशिष्ठी नदीचं पाणी चिपळुणात शिरलं. आई-बाबा शेजारच्यांच्या माडीवर गेले म्हणून वाचले. दोन दिवसांनी मी पोचले तेव्हा घरात गाळ होता आणि टेबलाखालचं कॅबिनेट त्या गाळाने भरलं होतं. बिलांची फाइल, वर्गांचे ग्रुप फोटो, सगळ्याचा लगदा. बाबांच्या लिखाणाची प्रत माझ्याकडे पुण्यात होती. ती डिस्क जळाल्यापासून दुसरी प्रत ठेवल्यावाचून मी झोपत नाही. बाबांनी अंगणात नळीने कॅबिनेट धुतलं. मदरबोर्ड, डिस्क, एसएमपीएस, सगळं भंगारात गेलं. झाकण पुसलं तर निळ्या ओळी जशाच्या तशा. मी म्हटलं, हे कॅबिनेट मी नेते.

कॅबिनेटच्या पत्र्यात मदरबोर्डसाठी पाडलेली भोकं इंटेलने १९९५मध्ये ठरवलेल्या एटीएक्स मापाची असतात. ते माप आजही तेच आहे. १९९९च्या डब्यात २०२३चा बोर्ड बसतो, स्क्रूला स्क्रू मिळतो. मागचा जोडण्यांचा आयताकृती कोनाडा तोच. पॉवर बटणाची दोन पिनांची वायरसुद्धा तीच. या धंद्यात पाच वर्षांपूर्वीची सॉकेट बहुधा चालत नाही, रॅमची खाच दर पिढीला जागा बदलते, आणि स्क्रूंच्या भोकांवर मात्र सगळ्या जगाचं एकमत टिकून आहे, याचं मला फार कौतुक वाटतं. गंज घासून, रंग मारून, पुढच्या पत्र्यात फॅब्रिकेशनवाल्याकडून १२० मिलिमीटरच्या पंख्याचं भोक पाडून घेतलं. स्क्रू मात्र गावच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळेनात. ते इंची आट्यांचे असतात. पुण्यात एका रिपेअरवाल्याने पुडीभर काढून दिले.

त्यात बसवायचं नवं सामान आणायच्या आधी मी एक आठवडा वही घेऊन काम केलं. जिथे जिथे थांबावं लागलं तिथे वेळ आणि कारण लिहिलं. काम अँड्रॉइडवर चालणाऱ्या उपकरणांचं. कंपाइल होताना लॅपटॉपचे सगळे कोअर जुंपलेले दिसत, आणि दहा मिनिटांत तो तापून स्वतःच मंद होई. लिंकिंगच्या, म्हणजे कंपाइल झालेले तुकडे जोडण्याच्या, वेळी उलटं : एक कोअर राबतोय, बाकीचे रिकामे, आणि रॅम काठोकाठ. जीन अमडाल यांनी १९६७मध्ये मांडलं ते हेच. कामाचा जो भाग वाटून देता येत नाही, तोच शेवटी एकूण वेळ ठरवतो. म्हणून कोअरची संख्या पाहून मी भुलले नाही. बारा कोअरचा रायझन ९ ७९०० घेतला, कारण त्याचा एकेक कोअरही चपळ आहे आणि ६५ वॉटच्या वर्गातला असल्याने तो जुन्या डब्यात थंड राहतो. बारा कोअरवर चोवीस कामं एका वेळी चालतात. आमच्या कोडला एका कामाला सुमारे दोन जीबी लागतात, म्हणजे अठ्ठेचाळीस झाले. अँड्रॉइडचा पूर्ण सोर्स बांधायला गूगलही ६४ जीबी सांगतं. ६४ घेतली, आणि ती ३२च्या दोनच पट्ट्यांत. या प्रोसेसरवर दोन पट्ट्या ५२०० वेगाने चालतात. चारही खाचा भरल्या की एएमडी ३६००चीच हमी देतं.

दुकानातल्या मुलाने काचेचं, दिवे लावलेलं कॅबिनेट दाखवलं आणि ग्राफिक्स कार्ड कोणतं हवं असं विचारलं. मी म्हटलं, कोणतंच नको. प्रोसेसरमध्येच पडद्यापुरती सोय आहे, आणि मी गेम लिहीत नाही की मॉडेल शिकवत नाही. वाचलेले पैसे पॉवर सप्लायमध्ये आणि २ टीबीच्या डिस्कमध्ये घातले. डिस्क घेताना खोक्यावरचा वाचण्याचा वेग मी पाहिला नाही. मोठं बिल्ड लिहिता लिहिता स्वस्त डिस्कचा कॅश भरतो आणि ती अचानक रेंगाळते, म्हणून सलग लिहिताना ती किती टिकते एवढंच पाहिलं. २०२५च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी ओढून घेतली आणि रॅमचे भाव पुन्हा भडकले, तेव्हा मी आधीच एकदम ६४ घेतल्याचं बाबांनी आवर्जून बोलून दाखवलं.

जोडणीच्या दिवशी बाबा पुण्यालाच होते. जोडणी झाली, बटण दाबलं, पंखे फिरले. पडदा काळा. एक मिनिट, दोन मिनिटं. पूर्वी ‘पीप’ असा एक आवाज यायचा आणि जीव भांड्यात पडायचा. आताच्या बोर्डाला तो भोंगाच नसतो. पुढचा लाल दिवाही विझलेला, कारण या बोर्डावर नव्या जातीच्या डिस्कची वायर त्याच्यापर्यंत जात नाही. माझा हात बटणाकडे गेला.

‘थांब,’ बाबा म्हणाले. ‘हा कशाची वाट बघतोय?’

मग मला आठवलं. डीडीआर५ रॅम पहिल्यांदा बसवली की बोर्ड पट्ट्यांशी जुळवून घेतो, तारेगणिक वेळा मोजतो, आणि त्याला काही मिनिटं लागतात. मी तसं सांगितलं. बाबांनी घड्याळात पाहिलं आणि आम्ही दोघं काळ्या पडद्यासमोर बसलो. अखेर अक्षरं उमटली. त्यांनी रंगाची डबी मागितली. हात आता कापतो, आकडे थोडे तिरके झालेत. झाकणावरची सर्वांत खालची ओळ अशी आहे : ‘मार्च २०२३. रायझन ७९००, ६४ जीबी, २ टीबी. पहिली सुरुवात : ६ मिनिटे.’