आईची गोळी, बाळाची तपासणी

एचआयव्ही आईकडून बाळाकडे तीन वेळी जाऊ शकतो : गरोदरपणात, बाळंतपणात आणि अंगावर पाजताना. काहीच उपाय केला नाही तर शंभरांपैकी 15 ते 45 बाळांना लागण होते. आईने सुरुवातीपासून नियमित औषध घेतले आणि रक्तातला विषाणू दबून राहिला, तर हे प्रमाण शंभरात एकाच्या आसपास येते. एवढी मजल संशोधनाने तीन दशकांत मारली. तिचा बराचसा भाग प्रस्तुत लेखिकेला जिल्हा रुग्णालयात समुपदेशक म्हणून काम करताना जवळून पाहता आला.

पहिला ठोस पुरावा 1994 मध्ये अमेरिका आणि फ्रान्समधील चाचणीतून मिळाला. झिडोव्हुडिन या औषधाने बाळांमधली लागण 25.5 टक्क्यांवरून 8.3 टक्क्यांवर आली. पण त्यासाठी आईने दिवसातून पाच वेळा गोळ्या घ्यायच्या, बाळंतपणात औषध शिरेतून द्यायचे आणि पुढे बाळाला सहा आठवडे पाजायचे, असा तो बेत होता. गरीब देशांना तो झेपणारा नव्हता. 1999 मध्ये युगांडातील कंपाला येथील चाचणीने सोपी वाट दाखवली. कळा सुरू झाल्या की आईला नेव्हिरापिनची एक गोळी आणि जन्मानंतर 72 तासांच्या आत बाळाला त्याच औषधाचा एक डोस. झिडोव्हुडिनच्या अल्पमुदतीच्या उपचाराशी तुलना करता लागण जवळजवळ निम्म्याने घटली. भारताच्या राष्ट्रीय कार्यक्रमानेही हीच पद्धत स्वीकारली.

त्या काळी समुपदेशकाच्या हाती ही एक गोळीच होती. तिने कितीतरी बाळे वाचली, पण आईच्या आजारावर तो इलाज नव्हता. शिवाय नेव्हिरापिन रक्तात बरेच दिवस अल्प प्रमाणात रेंगाळते आणि तेवढ्या अवधीत विषाणू त्याला दाद न देणारे रूप घेऊ शकतो. मग पुढे त्याच बाईला स्वतःसाठी उपचाराची गरज पडली, की हे औषध लागू पडेलच याची खात्री राहत नसे. बाळाला वाचवताना आईचा विचार मागे पडला होता, असे आज स्पष्टपणे म्हणावे लागेल.

हे चित्र टप्प्याटप्प्याने बदलले. 2001 मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीने तीन औषधांचा वर्षभराचा उपचार 350 डॉलरमध्ये देऊ केला, तेव्हा पाश्चात्त्य देशांत त्यासाठी दहा हजार डॉलरच्या वर खर्च येत होता. 1 एप्रिल 2004 पासून भारतात मोफत एआरटी, म्हणजे विषाणूविरोधी औषधोपचार, सुरू झाली. 2014 पासून रक्तातल्या सीडी4 या रोगप्रतिकारक पेशींची संख्या कितीही असो, प्रत्येक पॉझिटिव्ह गरोदर स्त्रीला आयुष्यभराचा उपचार मिळू लागला, आणि 2017 मध्ये हे धोरण सर्व रुग्णांना लागू झाले. तेव्हाच्या गोळीत इफाव्हिरेन्झ असे. ‘ताई, रात्री गोळी घेतली की गरगरतं, नको ती स्वप्नं पडतात,’ ही तक्रार केंद्रावर रोजची होती. आता त्या जागी डोल्युटेग्राव्हिर आले आहे. बोट्स्वानातील 2018 च्या माहितीवरून या औषधाने गर्भाच्या मज्जारज्जूत दोष निर्माण होईल अशी भीती निर्माण झाली होती. अधिक बाळंतपणांची नोंद हाती आल्यावर ती मावळली. उशिरा येणाऱ्या बायकांसाठी तर हे औषध मोलाचे आहे. युगांडा आणि दक्षिण आफ्रिकेतील डॉल्फिन-2 चाचणीत गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत उपचार सुरू झालेल्या स्त्रियांपैकी सुमारे 74 टक्के जणींचा विषाणू बाळंतपणापर्यंत मोजता न येण्याइतका खाली गेला होता; इफाव्हिरेन्झ घेणाऱ्यांत हे प्रमाण 43 टक्के होते.

औषध इतके सुधारले तरी ते पोटात जाण्याच्या वाटेत अडचणी आहेतच. आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी होते. सासरी नवऱ्याला ठाऊक असलेली गोष्ट माहेरी कुणालाच सांगितलेली नसते. डबी हलवली की गोळ्या वाजतात, म्हणून बायका तिच्यात कापूस भरतात, वरचे लेबल खरवडून काढतात. काही जणी डबी सासरीच ठेवून जातात आणि उपचार खंडतो तो नेमका सातव्या-आठव्या महिन्यात, जेव्हा विषाणू दबलेला असणे सर्वांत गरजेचे असते. सातव्या महिन्याच्या आधीच माहेरच्या जवळच्या एआरटी केंद्राची चिठ्ठी आणि पुरेशा गोळ्या हातात दिल्या, तर हा खंड टळतो. लेखिकेच्या मते समुपदेशनातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच : ‘बाळंतपणाला कुठे जाणार?’

जन्मानंतर बाळाला निदान सहा आठवडे औषधाचे थेंब द्यावे लागतात. पहिले सहा महिने फक्त आईचे दूध. आईचा उपचार नियमित चालू असेल तर वरचे दूध मिसळण्यापेक्षा हेच सुरक्षित. सहाव्या आठवड्यात पहिली तपासणी होते. आईकडून आलेली प्रतिपिंडे बाळाच्या रक्तात बराच काळ असतात, त्यामुळे नेहमीची चाचणी इथे उपयोगाची नसते. प्रत्यक्ष विषाणूच शोधावा लागतो. टाच हाताने चोळून उबदार करतात, सुई टोचतात, पहिला थेंब पुसून पुढचे थेंब जाड कागदाच्या कार्डावरील गोलांत टपकू देतात. प्रत्येक गोल मागच्या बाजूपर्यंत भिजायला हवा. कार्ड आडवे ठेवून सावलीत वाळवतात आणि ओलावा शोषणाऱ्या पुडीसह प्रयोगशाळेत पाठवतात. अंतिम निदान अठराव्या महिन्यात होते, आणि तोवर आई मोकळा श्वास घेत नाही.

निगेटिव्ह स्त्रियांसाठीही आता नवे साधन आले आहे. वर्षातून दोनदा घ्यायच्या लेनाकापाव्हिर इंजेक्शनची चाचणी दक्षिण आफ्रिका आणि युगांडातील तरुणींवर झाली. 2024 च्या निष्कर्षांनुसार इंजेक्शन मिळालेल्या 2,134 जणींपैकी एकीलाही लागण झाली नाही. हे औषध स्वस्तात बनवण्याचा परवाना मिळालेल्या सहा कंपन्यांत पुण्याची एमक्युअर आहे.

श्रीलंकेने आईकडून बाळाला होणारी लागण जवळपास थांबवल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये मान्य केले. आपल्याला ते साधायचे असेल तर प्रत्येक गरोदर स्त्रीची तपासणी पहिल्या तीन महिन्यांत व्हायला हवी, आणि तिच्याबरोबर नवऱ्याचीही. तपासणी आणि औषधे सरकारी केंद्रांवर मोफत मिळतात; माहितीसाठी 1097 हा क्रमांक आहे.